लोण्यांतील अम्लाचा शोधक : मिशेल यूजेन शेव्रल

लोणी शिळें झालें किंवा तुपांत पाण्याचा अंश राहिला, म्हणजे कांहीं दिवसांनीं त्याला एक उग्र आणि नाकाला झोंबणारा वास येऊं लागतो. आपण त्याला खवट वास म्हणतों आणि तें भांडें दूर सारतों. दूधदुभतें बाळगणारा मनुष्य हजारों वर्षें हा वास ओळखीत आला. परंतु त्या वासाच्या मुळाशीं एक स्वतंत्र पदार्थ आहे, तो लोण्यापासून वेगळा काढतां येतो, त्याचें वजन करतां येतें आणि त्याला नांवही देतां येतें, ही गोष्ट सिद्ध होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. ज्यांनीं ती सिद्ध केली ते फ्रान्स देशांतील सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. साबण, मेणबत्ती, रंगविलेली लोंकर आणि तूप, इतक्या भिन्न वस्तूंशीं ज्याच्या परिश्रमाचा संबंध पोंचतो असा दुसरा शास्त्रज्ञ सहसा आढळावयाचा नाहीं.

शेव्रल ह्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1786 रोजीं पश्चिम फ्रान्समधील आंझे ह्या शहरीं झाला. घराणें वैद्यांचें, वडील शस्त्रवैद्य होते. मिशेल पुरता तीन वर्षांचा झाला नाहीं तोंच फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, आणि तो सातव्या वर्षांत असतां त्याच्या शहरांतही गिलोटिन उभें राहिलें. त्या यंत्राखालीं माणसें मरतांना ह्या बालकानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं. त्याच धामधुमींत, 1794 सालीं, आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा थोर पुरुष लाव्हाझिए पॅरिसमध्यें त्याच यंत्राला बळी पडला. शास्त्राचा धनी असा अकालीं गेला, आणि त्याच्या शास्त्राची एक मोठी शाखा ज्याच्या हातून वाढावयाची होती तो मुलगा दूरच्या एका शहरांत अजून धुळाक्षरें गिरवीत होता! क्रांतीनंतर जुन्या शाळा मोडून नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या. त्यांत ग्रीक व लॅटिन ह्यांच्या जोडीला वनस्पतिशास्त्र, खनिजशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय शिकवीत. अशा शाळेंत मिशेलचें शिक्षण झालें आणि रसायनाची गोडी त्याला तेथेंच लागली.

सतराव्या वर्षीं, म्हणजे 1803 सालीं, शेव्रल पॅरिसला आले आणि वोकलँ ह्या विख्यात रसायनज्ञांच्या प्रयोगशाळेंत दाखल झाले. हे वोकलँ नॉर्मंडींतील गरीब शेतकऱ्याचे पुत्र. लहानपणीं औषधाच्या दुकानांत पडेल तें काम करीत करीत ते शास्त्र शिकले आणि पुढें 1797 सालीं क्रोमियम ह्या धातूचा शोध त्यांनींच लावला. असा गुरु लाभणें हें शिष्याचें मोठें भाग्य होय, कारण ज्यानें स्वतः भांडीं घांसलीं आहेत त्याला स्वच्छ भांड्याची किंमत ठाऊक असते. रसायनाच्या कामांत अर्धें यश स्वच्छ भांड्यांत असतें, हें आमच्या वर्गांतील मुलांना अनुभवानेंच पटतें! वोकलँ ह्यांच्या हाताखालीं शेव्रल ह्यांनीं प्रथम नीळ व रंगाचीं लांकडें ह्यांचें पृथक्करण केलें. 1810 सालीं पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली. ह्या संस्थेशीं जडलेला त्यांचा संबंध पुढें जवळजवळ 80 वर्षें, अगदीं मरणापर्यंत, सुटला नाहीं.

त्यांच्या कीर्तीचें काम 1811 सालीं एका क्षुल्लक निमित्तानें सुरू झालें. कापडाच्या एका कारखानदाराकडून मऊ साबणाचा एक नमुना त्यांच्याकडे तपासण्यास आला. साबण डुकराची चरबी व पोटॅश ह्यांचा होता. शेव्रल ह्यांनीं तो पुष्कळ पाण्यांत कालविला, तेव्हां मोत्यासारखे चकाकणारे बारीक कण तळाशीं बसले. त्या कणांवर तीव्र अम्लाची क्रिया करतांच त्यांतून एक मेणचट पदार्थ सुटा झाला. दिसण्यांत तो चरबीसारखा. परंतु चरबी पाण्याप्रमाणें उदासीन असते आणि हा पदार्थ तर स्वतः अम्लाचे गुण दाखवीत होता. मोत्याला ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून शेव्रल ह्यांनीं त्याला मार्गारिक अम्ल असें नांव दिलें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याची मोठी गंमत व्हावयाची आहे.

त्या काळापर्यंत साबण कसा होतो हें करणाऱ्यांना येत होतें, परंतु कां होतो हें कोणासच ठाऊक नव्हतें. तेल किंवा चरबी आणि दाहक अल्क हीं दोन्हीं जशींच्या तशीं एकमेकांना चिकटतात व साबण बनतो, अशी सामान्य समजूत होती. शेव्रल ह्यांनीं बारा वर्षें खपून तिचा निकाल लावला. त्यांनीं दाखविलें कीं अल्काची क्रिया होतांच चरबी फुटते. तिच्यांतून एका बाजूला अम्लें निघतात आणि अल्काशीं मिळून त्यांचा साबण होतो. दुसऱ्या बाजूला एक गोड, पाकासारखा घट्ट द्रव उरतो. हा गोड द्रव शेले नांवाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाला पूर्वींच आढळला होता. त्याला ग्लिसरीन हें नांव शेव्रल ह्यांनीं दिलें. ह्यांहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या तराजूनें सांगितली. निघालेलीं अम्लें व ग्लिसरीन ह्यांचें एकंदर वजन मूळ चरबीच्या वजनापेक्षां थोडें अधिक भरत असे. सामान्य मनुष्यानें ही आपल्या हातची चूक समजून सोडून दिली असती. शेव्रल ह्यांनीं ती सोडली नाहीं. पुनःपुन्हां तोलून त्यांनीं ठरविलें कीं चरबी फुटतांना पाण्याचा कांहीं अंश तिच्या तुकड्यांत शिरतो आणि हें जास्तीचें वजन त्या पाण्याचें होय. आज आपण ह्या क्रियेला जलविच्छेदन म्हणतों.

पदार्थ शुद्ध झाला कीं नाहीं हें ठरविण्यासही त्यांनीं एक सोपा उपाय रूढ केला. स्फटिक काढावे, ते किती उष्णतेवर वितळतात तें पाहावें, मग पुन्हां विरघळवून पुन्हां स्फटिक काढावे. वितळण्याचा अंश बदलेनासा झाला म्हणजे पदार्थ शुद्ध झाला असें समजावें. शाळेच्या प्रयोगशाळेंत आजही हीच रीत आहे.

आतां लोण्याकडे वळूं. साबण करतांना लोण्याची चरबी इतर चरबीहून वेगळी वागते, कारण तिच्या साबणावर अम्ल घातलें असतां वर तरंगणाऱ्या मेणचट थराशिवाय खालच्या पाण्यांतही कांहीं अम्लें उतरतात आणि तें पाणी उग्र वासाचें होतें. शेव्रल ह्यांनीं तें पाणी ऊर्ध्वपातनानें गाळून घेतलें, त्यांतील अम्लें बॅराइटाशीं मिळवून त्यांचे क्षार केले, आणि कोणता क्षार पाण्यांत किती विरघळतो त्या फरकावरून ते एकेक करून अलग केले. अशा रीतीनें तीन नवीं अम्लें हातीं लागलीं. पहिल्याला लोण्याच्या लॅटिन नांवावरून त्यांनीं ब्यूटिरिक अम्ल म्हटलें. दुसऱ्या दोहोंना बोकडाचा वास येत असल्यामुळें त्या प्राण्याच्या लॅटिन नांवावरून कॅप्रोइक व कॅप्रिक अशीं नांवें पडलीं. हें सर्व संशोधन 1823 सालीं त्यांनीं प्राणिज स्निग्ध पदार्थांवरील आपल्या ग्रंथांत प्रसिद्ध केलें. ह्या ग्रंथापूर्वीं सजीवांच्या शरीरांतील पदार्थांचें रसायन म्हणजे बव्हंशीं पाककृतींचा संग्रह होता. त्याला शास्त्राची शिस्त लावणाऱ्या पहिल्या ग्रंथांत ह्याची गणना होते.

ब्यूटिरिक अम्लाची रचना आज आपणांस पुरी ठाऊक आहे. त्याच्या रेणूंत कार्बनाचे 4, हायड्रोजनचे 8 व ऑक्सिजनचे 2 अणु असतात. कार्बनाच्या चार मण्यांची ही आंखूड माळ. व्हिनेगारमधील असेटिक अम्लाची माळ दोन मण्यांची असते, तर साबणाच्या मेणचट स्टिअरिक अम्लाची अठरा मण्यांची. माळ आंखूड असल्यामुळें ब्यूटिरिक अम्ल पाण्यांत वाटेल त्या प्रमाणांत मिसळतें, सुमारें 164 अंश सेंटिग्रेडवर उकळतें, आणि साध्या हवेंतही वाफ होऊन नाकापर्यंत पोंचतें. अठरा मण्यांची माळ जड. ती जागची हलत नाहीं, म्हणून तिला वास नाहीं. ताज्या लोण्यांत हें अम्ल ग्लिसरीनशीं बांधलेलें असतें. बांधलेलें आहे तोंवर वास नाहीं. पाणी आणि जंतूंचीं पाचक द्रव्यें ती गांठ सोडवितात, आणि मग घरभर वार्ता होते. आपल्या आया लोणी कढवून त्यांतील पाणी कां उडवितात, ह्याचें रासायनिक कारण एवढेंच. ह्या अम्लाची दुसरी एक करामत मुलांना विशेष आवडते. तेंच दुर्गंधी अम्ल मद्यार्काशीं संयोग पावलें म्हणजे त्याला अननसाचा सुवास येतो! गोळ्या, सरबतें व मिठाया ह्यांत जो फळाचा वास असतो त्यांतील पुष्कळसा अशा संयुगांचा असतो. सेल्युलोजशीं त्याचा संयोग करून कठीण व चिवट प्लास्टिक बनवितात. स्क्रू पिळण्याच्या हत्यारांच्या पारदर्शक मुठी बहुधा त्याच्या असतात. ह्या कामांना लागणारें अम्ल मात्र आतां लोण्यांतून काढीत नाहींत. तें खनिज तेलापासून मिळणाऱ्या वायूपासून कारखान्यांत तयार होतें.

शोधाचा व्यापारी उपयोग करण्याचा प्रयत्न शेव्रल ह्यांनींही एकदां करून पाहिला. 1825 सालीं गे-ल्यूसाक ह्या शास्त्रज्ञाच्या भागीदारींत त्यांनीं स्टिअरिक अम्लाच्या मेणबत्त्यांचें पेटंट घेतलें. चरबीची जुनी बत्ती धुरकट, दुर्गंधी व मऊ. ही नवी बत्ती स्वच्छ व कठीण. कल्पना उत्तम होती, परंतु कारखाना चालविण्याचें तंत्र दोघांनाही साधलें नाहीं. कांहीं वर्षांनीं इतरांनीं स्वस्त चुन्याच्या साहाय्यानें तेंच काम करून धन मिळविलें. शेव्रल ह्यांचें चरित्र वाचतांना ह्या अपयशाबद्दल फारशी हळहळ वाटत नाहीं. ते तोपर्यंत दुसऱ्याच कामांत बुडून गेले होते.

1824 सालीं पॅरिस येथील गोबेलँ ह्या सरकारी गालिचे व पडदे विणण्याच्या कारखान्यांत रंगखात्याचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथें तक्रार अशी आली कीं काळ्या रंगाची लोंकर निळ्या व जांभळ्या रंगांच्या जवळ विणली असतां फिकी व मळकट दिसते. तेव्हां काळा रंगच वाईट असला पाहिजे. शेव्रल ह्यांनीं देशोदेशींच्या उत्तम काळ्या लोंकरीशीं ती ताडून पाहिली. रंगांत कांहीं उणें नव्हतें. दोष रंगाऱ्याच्या मडक्यांत नसून पाहणाराच्या डोळ्यांत होता. दोन रंग शेजारीं आले म्हणजे डोळा त्यांतील फरक वाढवून पाहतो. ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ 1839 सालीं बाहेर पडला, आणि पुढें सेरा व सिन्याक ह्यांसारख्या चित्रकारांनीं तो आपला मार्गदर्शक मानला. निर्दोष रंगारी केवळ डोळ्याच्या साक्षीवरून दोषी ठरत होते, ते सुटले, ही गोष्ट मला त्या ग्रंथाइतकीच मोलाची वाटते.

इंद्रियांच्या साक्षीवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये, ही त्यांची संवय इतर ठिकाणींही दिसते. दोऱ्याला टांगलेलें वजन हातांत धरलें असतां तें पाऱ्यासारख्या कांहीं पदार्थांवर आपोआप झुलतें, आणि त्यावरून गुप्त शक्ति कळते, असें त्या वेळीं पुष्कळ लोक मानीत. शेव्रल ह्यांनीं स्वतः प्रयोग केला. वजन खरोखर झुललें! मग त्यांनीं हाताला आधार दिला, डोळे बांधले, आणि लंबक थांबला. मनांतील अपेक्षेमुळें हाताचे स्नायु नकळत हालतात, असा निष्कर्ष त्यांनीं 1833 सालीं प्रसिद्ध केला. पाणाड्याची काठी आणि फिरणारीं मेजें ह्यांविषयींही पुढें 1854 सालीं त्यांनीं अशीच मीमांसा केली. ज्यांचे हात हालले त्यांना त्यांनीं लबाड म्हटलें नाहीं, हें विशेष.

आतां त्या मार्गारिक अम्लाची गंमत. 1869 सालीं मेज-मूरिएस ह्या फ्रेंच गृहस्थांनीं गाईच्या चरबीपासून स्वस्त असें नकली लोणी तयार केलें आणि शेव्रल ह्यांच्या अम्लावरून त्याचें नांव मार्गारिन ठेवलें. वास्तविक शेव्रल ह्यांचें मार्गारिक अम्ल हें एक अम्लच नव्हतें. तें दोन अम्लांचें मिश्रण आहे असें त्यापूर्वींच हाइन्ट्स ह्या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें होतें. म्हणजे त्यांच्या हातून झालेल्या एका मोठ्या चुकीचें नांव घेऊन खोटें लोणी बाजारांत आलें! आणि त्या खोट्या लोण्याला उघडें पाडण्याचें साधन कोणतें मिळालें, तर शेव्रल ह्यांनींच अचूक शोधून काढलेलें ब्यूटिरिक अम्ल. हें अम्ल पुरेशा प्रमाणांत आढळतें तें रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाच्या स्निग्धांशांतच. तेथें त्याचें वजन शेंकडा 3 ते 4 असतें. गोमांसाच्या चरबींत तें नाहीं, शेंगदाण्याच्या तेलांत नाहीं, सरकीच्या तेलांतही नाहीं.

ह्या भेदावर 1879 सालीं राइखर्ट ह्यांनीं एक कसोटी बसविली व माइस्ल ह्यांनीं ती सुधारली. तिची कृति थोडक्यांत अशी : 5 ग्रॅम तूप घेऊन त्याचा दाहक सोड्यानें साबण करावयाचा, तो गंधकाम्लानें फोडावयाचा, आणि वाफेबरोबर जीं अम्लें येतील तीं थंड करून पाण्यांत धरावयाचीं. मग ठराविक सौम्य अल्क थेंब थेंब सोडून तीं उदासीन करावयाचीं. द्रव गुलाबी झाला कीं थांबावयाचें. जितके मिलिलिटर अल्क लागलें तो त्या तुपाचा राइखर्ट-माइस्ल अंक. चांगल्या तुपाचा हा अंक साधारणपणें 24 ते 32 च्या दरम्यान असतो, म्हशीच्या तुपाचा गाईच्या तुपाहून बहुधा अधिक. खोबरेल तेलाचा 6 ते 8 भरतो, आणि बहुतेक इतर तेलांचा 1 सुद्धां भरत नाहीं. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत मुंबईस शिवडी येथें वनस्पति तुपाचा मोठा कारखाना निघाला आणि घट्ट, पांढरें, रवाळ असें तेल तुपाच्या डब्यांत मिसळण्याची सोय लबाडांना झाली. तेव्हां आपल्या देशांत ह्या अंकाचें महत्त्व फार वाढलें. पुढें वनस्पतींत शेंकडा 5 तिळाचें तेल घालण्याची सक्ती झाली तीही भेसळ पकडण्यासाठींच. तिळाच्या तेलाला एका परीक्षेंत किरमिजी रंग येतो.

येथवर सर्व ठीक. परंतु हा अंक आमच्या खानदेशांत आला तेव्हां एक वेगळीच अडचण उभी राहिली, आणि नंदुरबार, शहादा ह्या कपाशीच्या तालुक्यांतील वाचकांना ती आपलीच वाटेल. कपाशीच्या मुलखांत गाईम्हशींना सरकी व सरकीची ढेप चारतात. दुभत्या जनावराला सरकी म्हणजे मेजवानी; दूध दाट होतें, लोण्याचा गोळा मोठा निघतो. मात्र त्या लोण्यांतील ब्यूटिरिक अम्लाचें प्रमाण कमी होतें. कारण असें कीं, जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य जंतु असतात. ते चाऱ्यांतील तंतु आंबवून असेटिक, प्रोपिओनिक व ब्यूटिरिक हीं आंखूड माळेचीं अम्लें निर्माण करतात, आणि कांस त्यांपासून दुधांतील स्निग्धांशाचा बराच भाग घडविते. सरकीबरोबर तेल भरपूर गेलें म्हणजे त्याचीं लांब माळेचीं अम्लें रक्तावाटे तयारच कांसेंत येतात, आणि आंखूड माळांना तितकी जागा उरत नाहीं. परिणाम हा कीं, ज्यानें एक थेंबही भेसळ केली नाहीं अशा शेतकऱ्याच्या तुपाचा अंक कमी भरतो.

ज्या मनुष्याच्या घरीं दोन म्हशी आहेत, ज्याची बायको पहांटे उठून ताक घुसळते, त्याचें तूप प्रयोगशाळेनें नापास ठरवावें आणि चारचौघांत त्याला भेसळखोर म्हणावें, ह्यासारखा अन्याय कोणता? शास्त्राचा त्यांत दोष नव्हता. दुसऱ्या मुलखांतील जनावरांवर बसविलेला अंक ह्या मुलखाला जसाच्या तसा लावणें हा दोष होता. सुदैवानें आपल्या रसायनज्ञांनीं हें ओळखलें. 1954 सालच्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत कपाशीच्या पट्ट्यासाठीं तुपाची वेगळी आणि खालची मर्यादा घातली गेली. अर्थात् सवलत मिळाली कीं तिच्या आड लपणारेही निघतात. म्हणून एका अंकावर निकाल न देतां तुपांतील सर्व अम्लांचें प्रमाण यंत्रानें मोजून पाहण्याची नवी रीत आतां प्रचारांत आली आहे. तीही मुळांत शेव्रल ह्यांचीच रीत : चरबी फोडा, अम्लें वेगळीं करा, प्रत्येकाचें माप घ्या.

शेव्रल ह्यांच्या हयातींतच ह्या अम्लाची आणखी एक बाजू उजेडांत आली. 1861 सालीं पाश्चर ह्यांनीं दाखविलें कीं कांहीं जंतु साखर आंबवून ब्यूटिरिक अम्ल करतात आणि त्यांना हवेंतील प्राणवायु लागत नाहीं; इतकेंच नव्हे तर तो त्यांना मारक होतो. प्राणवायूवांचून जीव जगतो ही गोष्ट तेव्हां कोणाला खरी वाटली नसती. असेच जंतु आपल्या मोठ्या आंतड्यांत राहतात. भाकरी, डाळी व भाज्या ह्यांतील जो कोंडा आपणांस पचत नाहीं तो त्यांना पचतो, आणि त्यापासून होणारें ब्यूटिरिक अम्ल हें त्या आंतड्याच्या अस्तरावरील पेशींचें मुख्य अन्न होय, असें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील संशोधनानें ठरलें आहे. ज्वारीची भाकरी सोडून मैद्याच्या पावाकडे धांवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्याचा विचार करावा. आणि गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं आणखी एक मौज सांगतों : गवताच्या शेंड्यावर वाट पाहत बसलेली गोचीड जनावराच्या त्वचेंतून येणाऱ्या ह्याच अम्लाच्या वासानें जागी होते आणि नेमकी त्याच्या अंगाला चिकटते.

वोकलँ ह्यांच्या मृत्यूनंतर 1830 सालीं शेव्रल ह्यांना संग्रहालयांत गुरूंचीच जागा मिळाली होती. पुढें त्या संस्थेचें संचालकपदही त्यांच्याकडे आलें आणि तें त्यांनीं नव्वदी ओलांडीपर्यंत संभाळलें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें 1857 सालीं त्यांना आपलें कोप्ली पदक अर्पण केलें. पत्नी 1862 सालीं निवर्तल्या. त्यानंतर तर संग्रहालय हेंच त्यांचें घर झालें. 1871 च्या जानेवारींत जर्मन सैन्यानें पॅरिसला वेढा घातला असतां तोफांचे गोळे संग्रहालयाच्या आवारांत पडूं लागले. त्या वेळीं त्यांचें वय 84 वर्षांचें होतें. तरी ते जागचे हालले नाहींत, आणि विद्येच्या ह्या घरावर गोळे पडल्याचा निषेध त्यांनीं शास्त्रज्ञांच्या अकादमींत नोंदविला.

1886 सालीं त्यांना शंभर वर्षें पूर्ण झालीं. सबंध फ्रान्सनें तो समारंभ केला. त्यांच्या नांवाचें सुवर्णपदक पाडण्यांत आलें. त्याच सुमारास नादार ह्या प्रसिद्ध छायाचित्रकारानें त्यांच्याशीं केलेलें संभाषण, बोलतां बोलतां घेतलेल्या छायाचित्रांसह एका पॅरिसच्या पत्रांत छापलें. वृत्तपत्रांच्या इतिहासांत अशी ही पहिलीच सचित्र मुलाखत समजतात. त्या चित्रांत शंभर वर्षांचे शेव्रल हात हालवून रंगांविषयीं कांहीं समजावून देत आहेत, आणि समोर बसलेला नादार, जो स्वतः साठी उलटलेला, शाळकरी मुलासारखा ऐकत आहे. इतकें झालें तरी शेव्रल आपणांस फ्रान्समधील सर्वांत वडील विद्यार्थी असेंच म्हणवीत.

31 मार्च 1889 रोजीं पॅरिसमध्यें आयफेल मनोऱ्याचें उद्घाटन झालें. त्याच्या पहिल्या मजल्याच्या खालीं चारी बाजूंस फ्रान्सच्या 72 शास्त्रज्ञांचीं व यंत्रविद्याविशारदांचीं नांवें कोरलीं आहेत. त्यांतील बहुतेक सर्व पुरुष पूर्वींच दिवंगत झालेले होते. शेव्रल मात्र हयात होते. उद्घाटनानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं, 9 एप्रिल रोजीं, संग्रहालयांतील आपल्या निवासस्थानीं त्यांनीं देह ठेवला. नोत्र दाम येथें सरकारी इतमामानें प्रार्थना झाली, आणि पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या लाई ह्या खेड्यांत, जेथें त्यांचें गांवाकडचें घर होतें, तेथें त्यांचें दफन करण्यांत आलें.